घरी पोचल्यावरचा पहिला अर्धा तास

मुंबईच्या उपनगरांत संध्याकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान जी भांडणं होतात, त्यांतली कितीतरी घरात सुरूच झालेली नसतात. कुठे साहेबांनी चारचौघांत सुनावलेलं असतं, कुठे गाडी वीस मिनिटं एकाच जागी खिळून राहिलेली असते, कुठे शेअर रिक्षाच्या रांगेत कुणी मध्येच घुसलेलं असतं. तिथे गप्प राहावं लागतं. घरी आल्यावर त्याला तोंड फुटतं आणि जो समोर असेल त्याच्यावर ते निघतं. बहुतेक वेळा ते मूल असतं, नवरा किंवा बायको असते, नाहीतर म्हातारी आई. घरी पोचल्यावरचा पहिला अर्धा तास सांभाळला, तर पुढची संध्याकाळ आपोआप सांभाळली जाते, असं माझं ठाम मत आहे. तो कसा सांभाळायचा, त्यासाठी हा लेख.

डोंबिवलीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. दीड खोली, दाराशी चपलांचा स्टँड, आत टीव्ही चालू. सव्वासातपर्यंत येणारा माणूस दिवा स्टेशनच्या अलीकडे गाडी अडकल्यामुळे सव्वाआठला येतो. गर्दीत छातीशी धरलेली सॅक खाली ठेवतो, फ्रिजमधली बाटली काढून उभ्यानंच पाणी पितो. ‘आज काय केलंयस?’ असं विचारतो, बायको सांगते. शर्टची वरची दोन बटणं सोडून पंख्याखाली बसतो. दहा मिनिटं सगळं नीट चाललेलं असतं. मग मुलगा सहीसाठी वही आणतो. वहीत लाल शाईत शेरा असतो : गृहपाठ अपूर्ण. आणि त्या दोन शब्दांवर आवाज असा चढतो की शेजारचं दार किलकिलं होतं. वही टीपॉयवर आपटली जाते. मुलगा खाली मान घालून उभा. आतून बायको म्हणते, ‘अहो, एवढं काय झालं त्यात?’ आणि आता त्या ‘एवढं काय झालं’वरून दुसरं भांडण सुरू होतं.

इथे एक गोष्ट नीट बघा. हा माणूस दारातून आत आल्या आल्या चिडला नाही. पाणी प्यायला, दोन शब्द नीट बोलला, टेकला आणि मग उसळला. त्याला विचाराल तर तो मनापासून सांगेल, की मी शांतच होतो, या पोरानं डोकं फिरवलं. आणि तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं.

असं का होतं, याचा उलगडा डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञानं 1970च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून होतो. लोकांना व्यायामाची सायकल चालवायला लावायची, कुणीतरी त्यांना डिवचायचं आणि उलट फेडायची संधी द्यायची, असा साधारण प्रकार. सायकलवरून उतरल्या उतरल्या ही संधी मिळाली, तर व्यायामाचा फारसा परिणाम दिसत नसे. छाती धडधडते आहे, घाम आला आहे, तो सायकलमुळे हे माणसाला कळत असतं. पण मध्ये काही मिनिटं गेली की चित्र पालटायचं. माणसाला वाटे, आता आपण पूर्ववत झालो. शरीर मात्र अजून पूर्ववत झालेलं नसे. अशा वेळी उरलेली सगळी धडधड समोरच्या माणसाच्या खात्यावर जमा होई आणि राग जास्त तीव्रतेनं निघे. कुकरखालचा गॅस बंद केला तरी आतली वाफ लगेच जात नाही, तसंच हे. धोका मधल्या काळात असतो, जेव्हा बाहेरून सगळं निवलेलं दिसतं.

मला हा शोध फार उपयोगाचा वाटतो, कारण तो आपल्याला नेमकी वेळ दाखवतो. धावत गाडी पकडली, धक्के खाल्ले, पूल चढलो-उतरलो, तोवर शरीर दमलं आहे याची जाणीव असते. घरात पंख्याखाली बसल्यावर ती जाते. म्हणून जपायचं ते तेव्हा.

आता गाडीतलं ओझं नेमकं कशाचं असतं, तेही पाहू. मुंबईच्या लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी चौरस मीटरला 14 ते 16 माणसं उभी असतात. रेल्वेनं या गर्दीला वेगळं नावच दिलेलं आहे. पण नुसती गर्दीच त्रास देते असं नाही. गॅरी इव्हान्स आणि रिचर्ड वेनर या संशोधकांनी न्यू जर्सीहून मॅनहॅटनला रोज गाडीनं जाणाऱ्यांचा अभ्यास केला. लाळेतल्या कॉर्टिसॉलवरून, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणाऱ्या संप्रेरकावरून, त्यांनी ताण मोजला. सबंध डबा किती भरला आहे यापेक्षा आपल्या अगदी लगतच्या जागेवर माणसं किती दाटली आहेत, याच्याशी ताणाचा जास्त संबंध दिसला. प्रवासाचा भरवसा नसणं हेही ताण वाढवणारं ठरलं. आपल्याला हे परकं नाही. चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर काढून बसलेल्या माणसाला विचारा. इंडिकेटरवर चार मिनिटं दाखवून बारा मिनिटं गाडी न येणं, ‘तांत्रिक बिघाडामुळे’ असं सुरू होणारी घोषणा अर्धवटच ऐकू येणं, ऐन वेळी फलाट बदलणं. तासभराचा ठरलेला प्रवास माणूस सोसतो. किती वेळ लागेल हेच माहीत नसलेला प्रवास त्याला पोखरतो.

म्हणून पहिली सूचना घराबाहेरचीच आहे. घरच्यांना नेमकी वेळ सांगणं बंद करा. ‘सव्वासातला पोचतो’ असं सांगितलं की सव्वासातनंतरचं प्रत्येक मिनिट डोक्यावर बसतं, आणि घरीही कुणीतरी घड्याळाकडे बघत जीव टांगणीला लावून बसतं. ‘सात ते सव्वाआठच्या मध्ये कधीही’ असं ठरवून टाका. जेवणाची, शिकवणीची, औषधाची वेळ त्या हिशेबानं लावा. याच्या जोडीला आपल्या हातात थोडं काहीतरी असावं लागतं. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी 1972च्या पुस्तकात शहरी गोंगाटावरचे प्रयोग मांडले आहेत. कर्कश आवाजात काम करणाऱ्या काही जणांना एक बटण दिलेलं होतं. वाटलं तर दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगून. बटण जवळपास कुणी दाबलं नाही. तरीही नंतर अवघड कोडी सोडवताना हीच माणसं जास्त चिवटपणे टिकली. आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला होता. आपल्या हातात काहीतरी आहे, या जाणिवेनं फरक पडला. तुमच्या रोजच्या जाण्यायेण्यात असं बटण कुठे सापडतं ते शोधा. कुणाला एक फास्ट सोडून मागच्या स्लोनं येणं जमेल. कुणाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास उशिरा निघता येईल. कुणी स्टेशनपासून रिक्षाची रांग सोडून चालत येईल. रोज जमायला हवं असंही नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. राग मनात कळायच्या आधी अंगात आलेला असतो, आणि प्रत्येकाच्या अंगात त्याची जागा ठरलेली असते. कुणाचे दात घट्ट मिटलेले असतात, कुणाचे खांदे कानांकडे सरकलेले असतात, कुणी पिशवीचे बंद बोटं पांढरी पडेपर्यंत आवळून धरलेले असतात, कुणी जिने दोन-दोन पायऱ्या गाळत चढतो. आपली जागा कुठली, ते आठवडाभर नुसतं बघा. सुधारायला जाऊ नका, फक्त लक्ष ठेवा. एकदा ती सापडली की ती रोज खबर देते. बेल वाजवण्याआधी तिथे लक्ष न्यायचं. खांदे सोडायचे. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, चार-पाच वेळा. लांब उच्छ्वासानं नाडीची गती उतरते; शरीराची ती सोयच आहे.

मग तोंडानं सांगायचं. घरात शिरताना एक वाक्य पुरे : ‘आज गाडीत फार हाल झाले, मला थोडा वेळ द्या.’ हे तक्रारीच्या सुरात नको आणि धमकीच्या तर नकोच. साधी माहिती द्यायची, बस. याचे दोन फायदे आहेत. घरच्यांना कळतं की चेहरा उतरलाय तो आपल्यामुळे नाही. आणि सांगणाऱ्यालाही स्वतःच्या अस्वस्थतेचा पत्ता लागतो. नॉर्बर्ट श्वार्त्स आणि जेराल्ड क्लोर यांनी 1983 मध्ये एक छान अभ्यास प्रसिद्ध केला होता. ऊन पडलेल्या आणि पावसाच्या दिवशी लोकांना फोन करून, आयुष्यात तुम्ही किती समाधानी आहात, असं विचारलं. पावसाच्या दिवशी समाधान कमी भरलं. पण आधी सहज ‘तिकडे हवा कशी आहे?’ एवढं विचारून मग तोच प्रश्न केला, तेव्हा तो फरक उरला नाही. पुढच्या काळातल्या मोठ्या पाहण्यांत हवेचा आयुष्याच्या समाधानावर इतका परिणाम आढळला नाही, हेही सांगायला हवं. तरी मूळ विचार मला मोलाचा वाटतो : मनःस्थिती कुठून आली हे ध्यानात आलं, की ती भलत्याच गोष्टीला चिकटत नाही.

सांगताना शब्द जरा निवडून वापरा. ‘डोकं फिरलंय’ यात काहीच कळत नाही. अपमान झालाय? थकवा आहे? भूक लागलीय? उद्याच्या मीटिंगची धास्ती आहे? की नुसता वैताग? भूक असेल तर दोन घास खाल्ले की भागतं. त्यासाठी जेवण तयार होईपर्यंत थांबू नका, सॅकमध्ये शेंगदाण्याची चिक्की ठेवा आणि उतरण्याआधी खा. अपमान असेल तर तो खाण्यानं जाणार नाही. तो रात्री कुणाजवळ तरी बोलावा लागेल.

अर्ध्या तासात काय करायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. पैशांचा विषय काढायचा नाही. मुलांच्या वह्या, गुण, शेरे बघायचे नाहीत. नातेवाइकांच्या लग्नात काय द्यायचं ते ठरवायचं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पार्किंगवरून जे चाललं असेल त्यात उत्तर लिहायचं नाही. मुलाला नियम सांगून ठेवता येतो : सहीची वही जेवणानंतर. मुलं असले नियम मोठ्यांपेक्षा लवकर पाळतात, कारण त्यांचाच त्यात फायदा असतो. आपल्याकडे बाहेरून आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून मग घरात वावरायची रीत होती. ती पुन्हा धरा. थंड पाण्यानं तोंड, मान, मनगटं धुणं आणि बाहेरचे कपडे अंगावरून उतरवणं यात दहा मिनिटं जातात, आणि नेमकी तीच हवी असतात. मोबाइल घेऊन आडवं होणं मात्र यात धरू नका. रील्स बघताना शरीर पडून असतं आणि डोकं दर पंधरा सेकंदांनी नव्या फलाटावर उतरत असतं.

‘आपल्या खोलीत जाऊन शांत बसा’ असा सल्ला पुस्तकांत असतो. वन आरकेत राहणाऱ्या माणसाला स्वतःची खोली नसते. चाळीत, लहान घरात ज्या दाराला आतून कडी लावता येते असं एकच दार असतं, ते न्हाणीघराचं. तिथे पाच मिनिटं जास्त लागली म्हणून घरच्यांनी हाका मारू नयेत, एवढं तरी ठरवता येतं. नाहीतर जिन्याचा मधला टप्पा आहे, गच्ची आहे, देवळाबाहेरचा बाक आहे, वाण्याच्या दुकानापर्यंतची फेरी आहे. घरून काम करणाऱ्यांची अडचण वेगळीच. त्यांचं ऑफिस लॅपटॉपच्या झाकणाबरोबर बंद होतं आणि पुढच्याच क्षणी ते घरात असतात, मध्ये काहीच अंतर नाही. त्यांनी ते अंतर मुद्दाम तयार करावं. लॅपटॉप मिटला की चपला घालून खाली उतरायचं, सोसायटीला दोन फेऱ्या मारायच्या, दूध आणायचं आणि मग ‘घरी’ यायचं.

हे सगळं लिहिताना एका गोष्टीनं मी अस्वस्थ आहे. नोकरी करणाऱ्या बाईला हा अर्धा तास बहुतेक घरांत मिळतच नाही. लेडीज डब्यात मांडीवर पिशवी उघडून मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या उतरतात तेव्हा त्यांचा स्वयंपाक अर्धा सुरू झालेला असतो. घरात आल्यावर ओढणी खुंटीला लागते आणि गॅस पेटतो. धक्के तिनंही तेवढेच खाल्लेले असतात. तिला ‘शांत राहायला शिक’ असं सांगणं हा अन्याय आहे. घरात आधी जो पोचेल त्यानं डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावायचा, कणीक भिजवायची आणि ती आल्यावर तिच्या हातात चहा द्यायचा. चौदा वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं. बायकांनीही, ‘राहू दे, मीच करते, तुला जमायचं नाही’ हे वाक्य गिळायला हवं. कणीक सैल झाली तर होऊ दे.

दिवसभर घरात असणारी माणसं ताजीतवानी आपली वाट बघत बसलेली असतात, हाही एक गैरसमज आहे. वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चाललेलं असतं, दर तासाला कुरिअरवाल्याची बेल, दुपारी पाणी गेलेलं, सासूबाईंचं औषध संपलेलं. संध्याकाळी दारात दोन दमलेली माणसं समोरासमोर येतात. ‘तुला काय, तू घरीच होतीस’ हे वाक्य म्हणूनच फार लागतं.

थोडं खोलात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक वहीचा अभ्यास सांगतो. अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेला विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी वाचकांपर्यंत पोचला तो मुख्यतः कि. मो. फडके यांच्या लेखनातून. त्याचा गाभा असा, की घटना आणि भावना यांच्यामध्ये एक विचार असतो, आणि भावना किती टोकाला जाईल ते त्या विचारावर ठरतं. रात्री झोपण्याआधी तीन ओळी लिहायच्या. काय घडलं : ‘वहीत शेरा होता.’ मला काय झालं : ‘ओरडलो, हात थरथरत होते.’ मधल्या क्षणी मी मनाशी काय म्हणालो : ‘मी एवढा मरतो आणि याला साधा गृहपाठ करता येऊ नये! हा असाच वाया जाणार.’ ही मधली ओळ सापडायला वेळ लागतो. सुरुवातीला ती दिसतच नाही. सापडली की तिला प्रश्न विचारायचे. एका शेऱ्यावरून मुलगा वाया जातो का? मी कष्ट करतो म्हणून त्यानं कधीच चुकता कामा नये, हा हट्ट मी कुठून आणला? ‘त्यानं गृहपाठ करायला हवा होता, केला नाही, उद्या त्याच्याबरोबर बसतो’ असा विचार केला असता तर नाराजी उरली असती, पण वही आपटली गेली नसती.

वहीत चौथी ओळ मी आवर्जून घालायला सांगतो : त्याआधीच्या दोन तासांत काय झालं होतं? ‘मी असा का वागलो?’ या प्रश्नाची उत्तरं आपण फार झटपट आणि फार खात्रीनं देतो, आणि ती बरेचदा चुकतात. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांच्या 1977च्या गाजलेल्या लेखात एक प्रयोग आहे. दुकानात टेबलावर लांब मोज्यांच्या चार जोड्या ठेवल्या, सगळ्या अगदी एकसारख्या. लोकांनी जास्त करून उजव्या टोकाची जोडी निवडली. का निवडली विचारल्यावर वीण, पोत, दर्जा अशी कारणं दिली. जागेचं नाव कुणीच घेतलं नाही. म्हणून ‘का’ला थोडं बाजूला ठेवा आणि आधी काय काय घडलं, याची नोंद करा. महिनाभराच्या पानांवरून एकदा नजर फिरवली की कुठला वार वाईट जातो, कुठल्या माणसाशी बोलून आल्यावर आपण घरी चिडतो, जेवण चुकलेल्या दिवशी काय होतं, हे स्वतःच दिसायला लागतं.

मात्र हा ताणाचा सगळा हिशेब कुणी ढाल म्हणून पुढे करू नये. साहेब बोलतात तेव्हा हाच माणूस आवाज चढवत नाही. टीसीसमोर, पोलिसासमोर हात उगारत नाही. म्हणजे त्याला आवरता येतं. जो राग नेमका आपल्यापेक्षा दुबळ्या माणसावरच निघतो, तो गाडीच्या माथी मारता येत नाही. घरात मारहाण होत असेल, तर हा लेख तिथे अपुरा आहे. अशा घरातल्या बाईनं 181 या महिला मदत क्रमांकावर बोलावं.

आणि तरीही एखाद्या दिवशी तोंडातून निघून गेलंच, तर त्याच रात्री निस्तरा. सकाळपर्यंत लांबवू नका. मुलं झोपताना काय घेऊन झोपतात, हे महत्त्वाचं असतं. मुलाशेजारी बसून थेट बोला : ‘मी ओरडलो ते चुकलं. माझा गाडीतला त्रास मी तुझ्यावर काढला. गृहपाठाचं आपण उद्या बघू.’ पुढे ‘पण तूही जरा...’ जोडू नका. तो ‘पण’ आला की माफी मागे घेतल्यासारखी होते. यानं धाक कमी होईल अशी भीती बऱ्याच बाबांना वाटते. मला तसं वाटत नाही. आपली चूक कशी कबूल करायची, हे मूल दुसरीकडे कुठे शिकणार?

अर्धा तास पाळूनही काही फरक पडत नसेल, सुट्टीच्या दिवशीही सकाळपासून चिडचिड असेल, दोन-दोन आठवडे नीट झोप लागत नसेल, कशात रस वाटत नसेल, जगणं नको असं मनात येत असेल, तर तो रोजचा शीण नव्हे. फॅमिली डॉक्टरांना सांगा, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. केंद्र सरकारची टेली मानस ही दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. फोन मोफत आहे, दिवसरात्र कधीही लावता येतो आणि मराठीत बोलता येतं. फोन लावताना काय बोलायचं हे आधी ठरवून ठेवायची गरज नाही. झोप लागत नाही, एवढं सांगितलं तरी पलीकडचा माणूस पुढचं विचारत जातो.